करवलीची जागा

चप्पल मी बाहेरच काढली होती. एवढी अक्कल मला आहे. चिखलीतल्या मोठ्या कापड दुकानात पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरलेल्या असतात, त्यांवर चपलेसकट चढायचं नसतं, हे मला माझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. पण पाय? पाय कुठं काढून ठेवायचे?

सकाळी वांग्याला पाणी देत होतो, तेवढ्यात जीप दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. पाइपाखाली पाय धुतल्यासारखे केले आणि निघालो. आमच्याकडची माती काळी आणि चिवट. टाचेच्या भेगांत शिरली की चिंधीनं घासल्याशिवाय निघत नाही. मी गादीवर चढलो, दोन-चार पावलं चाललो, ऐटीत मांडी घातली आणि मागं पाहिलं. दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढतात ना, तशी पावलं उमटली होती. फक्त रंग उलटा. आणि लक्ष्मीची पावलं नाजूक असतात, ही माझी होती.

सगळे हसले. मीही हसलो. हसवणं हा आमच्या घराण्यातला माझा मान आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवीचं जेवण का असेना, लोक म्हणतात, बुवा, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या, आणि मी सुरू होतो. बहुतेक किस्से माझ्यावरच असतात. माझ्या रंगावरचे तर पोराबाळांनाही पाठ आहेत. लाइट गेली की मी दात काढतो, म्हणजे मी कुठं बसलो आहे ते घरच्यांना कळतं, वगैरे. तर त्या दिवशीही मी हसत हसत खिशातला रुमाल काढला, पाणी मागितलं आणि गुडघ्यांवर बसून आपलीच पावलं पुसायला लागलो.

बस्ता होता. लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून घ्यायचे, तो बस्ता. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा सागर, त्याचं लग्न ठरलं होतं. आम्ही एका जीपमध्ये मावत नाहीत तेवढे जण आलो होतो. नवरीकडचे दोन गाड्यांतून आले, काचा वर करून. लोणारकडचे मोठे बागायतदार. त्यांच्या घरची शाळा आहे, कॉलेज आहे, पुढारी त्यांच्या ओसरीवर चहा पितात. दादाला एवढी मोठी सोयरीक मिळाली म्हणून आमच्या भावकीत सगळेच थोडे वाकून चालत होते. नवरीकडचा सगळा कारभार नवरीच्या आत्याच्या हातात होता. सगळे तिला आत्याबाई म्हणत. गोरी बाई. गोरं असण्यात तिचा काही दोष नाही, माझी बायकोही गोरीच आहे. पण या बाईंकडं बघून वाटे की गोरा रंग यांनी स्वतः मेहनत करून कमावला आहे.

नवरी आली नव्हती, तिची परीक्षा होती. आता शालू बघायचा कसा? दुकानदार म्हणाला, नवरीच्या उंचीचं कोणी असेल तर उभं करा, अंगावर टाकून दाखवतो. नवरीच्या आईनं नजर फिरवली आणि रेणूला बोलावलं.

रेणू माझी मुलगी. गणितात बी.एस्सी. केलं आहे. चिखलीतल्या एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवत होती. उंच, सडसडीत आणि माझ्या रंगाची. सागरला सख्खी बहीण नाही. राखी लहानपणापासून रेणूच बांधते. त्यामुळे लग्नात नवरदेवाच्या मागं पाण्यानं भरलेला कऱ्हा घेऊन उभी राहणारी करवली तीच, हे कोणाला ठरवावंही लागलं नव्हतं. तिनं त्यासाठी स्वतःच्या कमाईतून साडी घेऊन ठेवली होती. त्या दिवशी ती खुशीत होती. हाक मारल्याबरोबर उठली. दुकानातल्या माणसानं पिकल्या आंब्याच्या रंगाचा शालू तिच्या खांद्यावर टाकला, निऱ्या धरल्या, पदर सोडला. मी खाली गुडघ्यांवर होतो. मान वर करून पाहिलं. पोरगी छान दिसत होती. बाप म्हणून सांगत नाही. छान दिसत होती.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. आवाज मोठा नव्हता. मोठ्या माणसांना मोठा आवाज लागत नाही.

"बापानं गादी काळी केली. आता लेकीच्या अंगचा रंग शालूले लागन. काढा तो पहिले."

हशा झाला. दोन्हीकडचा झाला. आमच्या जीपमधून आलेल्या, रेणूच्या हातच्या भाकरी खाल्लेल्या बायाही हसल्या. दुकानातल्या माणसानं शालू तिच्या खांद्यावरून उतरवला आणि झटकला. दोन वेळा. धूळ झटकावी तसा. घडी घालायच्या आधी ते लोक कापड झटकतातच, असं नंतर मला कोणी तरी समजावून सांगितलं. झटकत असतील. पण मी पाहत होतो आणि रेणूही पाहत होती.

मग पिंकीला उभं केलं. पिंकी म्हणजे सागरच्या मामाची मुलगी, गोरीपान. तोच शालू तिच्या अंगावर टाकला आणि सगळ्यांनी एका सुरात वा म्हटलं. शालू पसंत झाला.

रेणू आपल्या जागेवर येऊन बसली. आणि हसली. ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. रडली असती तर मी काही तरी बोललो असतो. निदान मी स्वतःला तसं सांगतो. ती हसली, आणि मी ओला रुमाल घेऊन गादी पुसत राहिलो. डाग निघाला नाही. पसरला.

मी लेखक नाही. मला रागाचं नीट लिहिता येत नाही, मला किस्सा सांगता येतो. पण हा किस्सा नाही. म्हणून सरळ सांगतो.

रेणू झाली तेव्हा दवाखान्यातून बाहेर आलेली माझी चुलती पहिलं वाक्य काय बोलली? पोरगी झाली, अन् तीही बापावर गेली. पोरगी अजून तासाचीही नव्हती. मग सव्वा महिना मसुराच्या डाळीचं पीठ चोळलं. साल निघेपर्यंत चोळलं. मग बालवाडी. गॅदरिंगमध्ये गोऱ्या पोरी पऱ्या, रेणू झाड. पुढच्या वर्षी रेणू डोंगर. मी घरी येऊन म्हणालो, आमच्या पोरीची बढती झाली. सगळे हसले. शाळेत पाहुणा आला की ओवाळायला ताट घेऊन कोण? ज्या पोरींना फळ्यावरचा पाढा येत नव्हता त्या. रेणू वर्गात पहिली. तिला खुर्च्या मोजायला ठेवायचे. कोणी दुष्टपणानं करत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट. सगळे प्रेमानं करत होते. मावशी प्रेमानं सांगे, दुधावरची साय लाव. मामी प्रेमानं सांगे, फिकी साडी नको, गडदही नको. मग काय नेसायचं? सगळे प्रेमानं सांगायचे, उन्हात जाऊ नको. शेतकऱ्याच्या पोरीला सांगायचे. मग कापूस काय ट्यूबलाइटखाली वेचायचा?

आणि आमच्याच भागात सोयरीक जमवताना पहिलं काय विचारतात? जमीन काळी आहे का. काळी, भारी जमीन असली की मुलाचा बाप खुर्ची पुढं ओढतो. मग पुढचा प्रश्न विचारतात, मुलगी गोरी आहे का. एकाच तोंडानं विचारतात. एकाच बैठकीत. आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बस्त्यानंतर रेणूचं तोंड दिसेनासं झालं. अक्षरशः. घराबाहेर पडताना तिनं स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली, फक्त डोळे उघडे. गाडीवर सगळ्याच पोरी बांधतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग क्लासमधल्या एका पोराची आई बाजारात भेटली. म्हणाली, मॅडम वर्गातही स्कार्फ सोडत नाहीत, पोरं विचारतात, मॅडमला काय झालं. मी घरी येऊन विचारलं तर म्हणाली, धूळ फार असते बाबा. बंद खोलीत कसली धूळ? पण मी विचारलं नाही.

तिच्या आईनं विचारलं. आईला विचारावं लागलं नाही खरं तर. तिनं एका दुपारी स्कार्फचं टोक धरून ओढलं. गाल लालभडक झाले होते. कानाजवळची कातडी सोलल्यासारखी पातळ, हनुवटीवर बारीक फोड. उशीखाली मलमाची ट्यूब निघाली. औषधाच्या दुकानातून आणलेली, चिठ्ठीशिवाय मिळालेली. मैत्रिणीनं सांगितलं होतं, मैत्रिणीला पार्लरवालीनं. पहिल्या आठवड्यात खरंच उजळल्यासारखं वाटलं होतं म्हणे. मग जळायला लागलं. जळायचं थांबावं म्हणून ती आणखी लावत होती.

चिखलीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि मागचं-पुढचं वाचून पाहिलं. मग सांगितलं की हे गजकर्णाचं मलम आहे, गोरं व्हायचं नाही. रोज लावलं की कातडी पातळ होते. आता बंद केलं की चेहरा आणखी भडकेल, म्हणून पोरी घाबरून पुन्हा तेच लावतात. तुम्ही लावायचं नाही. महिने लागतील. उन्हात जायचं नाही. आणि आधी होता तसा होईल का, ते आज सांगता येत नाही.

मी रेणूकडं पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. मी म्हणालो, बाई, कशासाठी केलं तू हे? चांगली होतीस.

"लग्नापुरतंच लावनार होती, बाबा. सागरदादाच्या मांगं मी उभी राहीन. त्यायच्या फोटोत खराब दिसन ना सगळं."

गणित शिकवणारी पोरगी. आठवीच्या पोरांना प्रमाण शिकवणारी. आपण उभे राहिलो तर दुसऱ्याचा फोटो खराब होतो, हे उत्तर तिनं कुठून काढलं? कोणी शिकवलं? मला माहीत आहे कोणी. सगळ्यांनी. वीस-बावीस वर्षं, रोज थोडं थोडं.

क्लास तिनं सोडला. आतल्या खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकला. चेहरा डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच भडकला. रात्री ओला कपडा ठेवून झोपायची. तिची आई शेजारी बसून वारा घालायची, आणि मी दारात उभा राहून काही तरी गमतीचं आठवायचा प्रयत्न करायचो. येत नव्हतं.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना दादा घरी आला. माझा मोठा भाऊ. मनानं वाईट नाही. चहा घेतला, मांडवाचं बोलला, आचारी कोण ते बोलला. मग खाली बघत म्हणाला की रेणूची तब्येत बरी दिसत नाही, तर करवली म्हणून पिंकीला उभं करू. मी विचारलं, हे कोण म्हणालं. दादा म्हणाला, तिकडून फोन होता. आत्याबाईंचा. ड्रोनवाला येऊन राह्यला, मोठमोठी माणसं येतील, व्हिडिओ सगळीकडं जाईल. बरं, तिच्या चेहऱ्यालाही त्रास नको.

मग दादा म्हणाला,

"तूच सांग तिले. तुह्या सांगण्यानं कोनाले वाईट नाही वाटत."

पन्नाशीला आलेल्या माणसाला त्याच्या आयुष्याची किंमत एका वाक्यात कोणी अशी सांगू नये. माझ्या सांगण्यानं कोणाला वाईट वाटत नाही. लोक मला बोलावतात ते यासाठी. कडू गोळी गुळात घालून देणारा माणूस मी. मी नेहमीचं उत्तर दिलं. पाहू, म्हणालो. माझ्या बायकोनं दादाच्या पुढची कपबशी उचलली. त्यात अर्धा चहा होता. ती आत गेली. दादा रिकाम्या हातांनी थोडा वेळ बसला आणि उठला.

रेणूला मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, भिंत एका विटेची आहे. लग्नाच्या सकाळी ती येत नाही म्हणाली. तिच्या आईनं कपाटातून ती साडी काढली, तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, नेस. पावडर नाही, काही नाही. जशी होती तशी पोरगी जीपमध्ये बसली. चेहऱ्यावर डाग, गाल सुजलेले. स्कार्फ घेतला होता, तो हातातच राहिला.

मंगल कार्यालयात माइक माझ्याकडं. आमच्या भावकीतल्या लग्नात माइक दुसऱ्या कोणाकडं नसतोच. आलेल्यांचं स्वागत, आचाऱ्याला सूचना, एमएच अठ्ठावीसची पांढरी बोलेरो कोणाची आहे, फाटकातून काढा, नाही तर वऱ्हाड बोलेरोवर चढून आत येईल. मी सकाळपासून बोलत होतो. लोक हसत होते. आत्याबाईसुद्धा एकदा हसल्या.

मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरला. भटजींनी विचारलं, करवली कोण, आणि रेणू पुढं झाली. तिनं कऱ्हा घेतला आणि सागरच्या मागं उभी राहिली. कोणी तिला अडवलं नाही. मला वाटलं, चला, झालं. देवानंच पाहिलं. मी असाच विचार करतो, आपल्याला बोलावं न लागता काही झालं की ते देवानं पाहिलेलं असतं.

तेवढ्यात आत्याबाई स्टेजवर चढल्या. त्यांनी फोटोवाल्याकडं पाहिलं, फोटोवाल्यानं त्यांच्याकडं. त्या रेणूजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी तो कऱ्हा काढून घेतला. पाणी सांडलं. रेणूच्या नव्या साडीवर सांडलं. त्यांनी पिंकीला हात करून बोलावलं, तिच्या हातात कऱ्हा दिला, आणि रेणूचा दंड धरून तिला बाजूला केलं. जसं एखादं स्टूल बाजूला करतात. आठशे-हजार माणसं बघत होती. सागर समोर बघत होता. बाशिंगामुळं त्याला दिसलं नसेल, असं त्याची आई नंतर म्हणाली.

भटजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणजे मी माइकवरून सांगायचं, मंडळी, अक्षता हातात घ्या, शांतता राखा.

मी म्हणालो,

"मंडळी, अक्षता टाकू नोका. मंगलाष्टक थांबलं हाये."

लोक हसले. त्यांना वाटलं, बुवांचं सुरू झालं.

"हासू नोका. मी आज हासवून नाही राह्यलो."

तेव्हा शांत झाले. पंखे ऐकू यायला लागले. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही, पण बायकोला आठवतं आणि तिनं मला नंतर सांगितलं. मी म्हणालो की नवरदेवाला राखी बांधणारी बहीण एकच आहे आणि ती माझी पोरगी आहे. तिच्या हातातला कऱ्हा आत्ता सगळ्यांसमोर काढून घेतला. का घेतला, ते ज्यांनी घेतला त्यांनी इथं येऊन माइकवर सांगावं. तिच्या रंगासाठी घेतला असेल तर तसं सांगावं. चेहऱ्यासाठी घेतला असेल तर तो चेहरा कोणाच्या बोलण्यानं जळाला तेही मी इथंच सांगतो, बस्त्याच्या दिवसापासून सांगतो. करवली जागेवर आल्याशिवाय हा माइक पुढचं बोलणार नाही.

"काय तमाशा लावला बे यानं? माइक घ्या त्याच्या हातचा."

हे आत्याबाई. माझ्या वयाच्या माणसाला, त्याच्या पुतण्याच्या मांडवात. बे. पण माइक घ्यायला कोणी पुढं आलं नाही. कोणाच्या लक्षात आलं असेल की नाही, माहीत नाही, पण मी स्टेजच्या खांबाला टेकलो होतो.

दादा आला. हात जोडले. मोठा भाऊ लहान भावापुढं हात जोडतो, हे दृश्य मला कधी पाहायचं नव्हतं. म्हणाला, मुहूर्त चालला रे.

"जाऊ दे, दादा. पोरीचा चेहरा गेला, तवा तू घड्याळ पाह्यलं नाही."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. तो बाजूला झाला. नवरीचे वडील खुर्चीवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. पुढच्या रांगेतला पुढारी मोबाइलमध्ये बघायला लागला.

मला वाटलं, रेणू आता म्हणेल, बाबा, बस करा. मी त्याच वाक्याची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू. ते वाक्य आलं असतं तर मी माइक खाली ठेवला असता आणि सगळं निस्तरलं असतं. एखादा विनोदही केला असता.

रेणू बोलली नाही. ती चालत पिंकीजवळ गेली आणि दोन्ही हात पुढं केले. पिंकीनं कऱ्हा देऊन टाकला. पुटपुटली, घे ताई, मले काही हाऊस नोयती. मग रेणू आपल्या जागेवर, सागरच्या मागं, जाऊन उभी राहिली. ओल्या साडीनं. चेहरा कॅमेऱ्याकडं. तिनं आत्याबाईंकडं पाहिलं. माइक तिच्यापासून दूर होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"फोटो काढून घ्या, आत्याबाई. मी इथून हलत नाही."

मग मी म्हणालो, शुभमंगल सावधान. अक्षता पडल्या. काही जणांनी टाकल्या, काही जणांच्या मुठीतच राहिल्या.

जेवायला आम्ही बसलो. मी उपाशी निघायच्या बेतात होतो, पण बायको म्हणाली की आहेर आपण दिला, भाजीही आपल्याच वावरातली आहे, बसा. आमच्या शेजारच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. वाढप्यानं बुंदी दोनदा वाढली. तेवढा एकच माणूस आमच्याकडं आला.

आता काय झालं ते सांगतो, म्हणजे कोणी असं समजू नये की सगळं गोड झालं. अल्बम आला. पाहायला मिळाला तो पिंकीच्या मोबाइलवर. दोनशेच्या वर फोटो, त्यात रेणू एकातही नाही. अंतरपाटाच्या फोटोत कडेला कऱ्हा धरलेले दोन हात आहेत, मनगटापर्यंत. बाकी कापून टाकलं. दादाकडून सत्यनारायणाला बोलावणं आलं नाही. चुलत बहिणीच्या नातवाच्या बारशाला माइक दुसऱ्याच्या हातात होता. त्यानं माझेच किस्से सांगितले, आणि वाईट सांगितले. भावकीत म्हणतात की मी पुतण्याच्या लग्नात विघ्न आणलं. म्हणतात की पोरीचं आता जमायचं नाही, रंगाचं एक वेळ चाललं असतं, पण अशा बापाचं नाही चालत. क्लासवाल्यांनी रेणूच्या जागेवर दुसरी बाई घेतली. तिचा चेहरा अजून दुपारी जळतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ लागेल. आरशावरचा टॉवेल तसाच आहे.

मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. म्हणालो, बाई, तू सुंदर आहेस. ती म्हणाली, बाबा, ते नोका सांगू. मले सुंदर नाही व्हायचं. मले फक्त उभं राहता आलं पाहिजे कुठंही. आणि नव्या क्लासचा पत्ता विचारायला निघून गेली, छत्री घेऊन, तोंड उघडं ठेवून.

माझा राग गेलेला नाही. जाऊ द्यायचाही नाही. आधी मला राग आला की मी त्याचा किस्सा करून टाकायचो, चार लोकांत वाटून टाकायचो. हा राग वाटायचा नाही. हा मला पुरवायचा आहे. अजून पुष्कळ बैठका आहेत, पुष्कळ बस्ते आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी पोरगी उभी असते.

लग्नानंतरच्या आठवड्यात एका सकाळी माझी सासू आली होती. जाता जाता म्हणाली, एक स्थळ आहे, बिजवर आहे, पण रंगाचं चालवून घेतील. बायकोनं आईला एसटीत बसवून दिलं, परत आली, वांगी निवडायला बसली. मी समोर होतो. मी काही तरी म्हणणार होतो, तेवढ्यात ती वांग्यांकडं बघतच म्हणाली,

"आजपासून या घरात पोरीच्या रंगाचं जो काढन, त्याले चहा मिळनार नाही. त्यानं उठून जायचं. मंग तो तुमचा दादा असो, माही माय असो, नाही तर तुमी असा."

मी म्हणालो, मी? मी तिला कुठं काय बोललो आजवर?

"तिले नाही बोलले. सोताले बोलता. चारचौघात, आपल्याच रंगावर हासवता लोकायले. तुमचाच रंग हाये तिचा, अन् तुमी सांगून राह्यले तवा ती तिथंच बसली राहते. तेही आजपासून बंद."